वाटणीला आलेले शब्द

॥ श्री ॥

निलंगा
९ जानेवारी १९९४

चि. शिवकन्या हीस अप्पाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

इकडे सर्व खुशाल. शेडमध्ये थंडी लई वाजते, पण डोक्यावर पत्रा आहे, दगड नाही, यावर तुझी अव्वा समाधानी आहे. तुझ्या मलप्पाकाकांनी मात्र हट्ट धरला आहे की पोर लातूरला तिसऱ्या मजल्यावर स्लॅबखाली झोपते, तिला परत आणा. भूकंपात माळवद अंगावर आलं आणि लोकांनी त्यांना मातीतून उपसून काढलं, तेव्हापासून ते कुठल्याच छताखाली जात नाहीत. दुकानातसुद्धा नाही. गिऱ्हाईक आत आणि मालक रस्त्यावर, असा सध्या आपला कारभार आहे.

मी पुष्कळ विनवलं. इंग्रजीत राहिली तर पोरीची डॉक्टरकी संपली, बारावी तेवढी होऊ द्या म्हणालो. शेवटी एका अटीवर कबूल झाले. दुकान सामायिक, तेव्हा दुकानाच्या जिवावर शिकलेले इंग्रजी शब्दही सामायिक. ते दर आठवड्याला घरी यावेत आणि दोन्ही भावांत त्यांची रीतसर वाटणी व्हावी. माल येत राहिला तर पोर राहील. तेव्हा बाई, माल पाठव.

तब्येत सांभाळ. माया आहे तशीच आहे.

तुझा अप्पा


लातूर
१७ जानेवारी १९९४

ती. अप्पा यांस शिवकन्येचा शरणार्थ.

पत्र वाचून मी आणि खोलीतल्या मुली पोट धरून हसलो, आणि मग मला रडू आलं. मला इथून नेऊ नका. नांदेडहून आलेले आमचे सर सांगतात की शब्द हाताशी असले की पेपर आपोआप सुटतो, आणि माझे आता कुठे हाताशी येऊन राहिलेत.

सोबत माल पाठवते. सर शब्दांचे दोन भाग करतात. हायपोथिसिस, सिग्निफिकंट, ॲनालिसिस हे पुस्तकी, आणि बकेट, टॉवेल, हंग्री, अफ्रेड हे रोजचे. सगळ्यांचे अर्थ लिहिले आहेत. तोंडातला शब्द नेमका कुणाचा हे पंच कसं ठरवणार, तेवढं कळवा. अव्वाला सांगा की मी वेळेवर जेवते.

लोभ कमी करू नये, वाढवला तर हरकत नाही.

आपली शिवकन्या


निलंगा
२० फेब्रुवारी १९९४

चि. शिवकन्या हीस आशीर्वाद.

वाटणी झाली आणि वाटोळंही झालं. दगडोबा पाटील पंच म्हणून बसले. वाटे थोरल्यानं पाडायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचे, ही आपली रीत. अण्णांनी, म्हणजे तुझ्या मलप्पाकाकांनी, पुस्तकी शब्दांचा एक वाटा पाडला, रोजच्या शब्दांचा दुसरा. तुझ्या अव्वानं मला कोपरानं ढोसलं, म्हणून मी रोजचा उचलला. अण्णा खूश. लांबलचक शब्द घरात आले म्हणून त्यांनी पेढे वाटले.

दुसऱ्या दिवशी तुझ्या लक्ष्मम्माकाकूला बकेट लागलं. बादली म्हणायला कुणाची बंदी नव्हती, पण शेजारच्या शेडमध्ये बकेट असताना बादली कोण म्हणेल? विरजण मागायला यावं तशी ती आली आणि दिवे लागायच्या आत परत करते म्हणाली. खरंच संध्याकाळी दारात उभी राहून एकदा बकेट म्हणाली, आणि तोंड मिटून गेली. इथवर ठीक होतं. पुढे त्यांच्या श्रीशैलनं न विचारता टॉवेल म्हटलं. ते तुझ्या अव्वानं ऐकलं आणि सूड म्हणून भर चौकात आमटीला सिग्निफिकंट म्हणाली. झालं! आता दोन्ही चुली अबोल आहेत.

अण्णा म्हणतात, या शब्दांनी घर फोडलं. सोमवारच्या एसटीनं ते तुला आणायला निघाले आहेत. मी हात जोडले, उपयोग झाला नाही. थोरल्यापुढे मी किती बोलणार? माझ्यावर राग धरू नकोस.

तुझा हताश अप्पा


लातूर
२२ फेब्रुवारी १९९४

ती. अप्पा यांस शरणार्थ वि. वि.

काका काल आले. इमारतीत शिरेनात. मेसवाल्या केवळाबाईंनी चहा रस्त्यावर नेऊन दिला. मग त्यांनी खालूनच फर्मावलं की नेण्याआधी माल पुरा भरलाय का ते बघू दे, म्हण शब्द. मी तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून म्हणायला लागले. हळूहळू साऱ्या मुली गॅलरीत येऊन म्हणू लागल्या. रिक्षा थांबल्या, समोरच्या क्लासची पोरं वह्या काढून लिहून घेऊ लागली. काका डाळ पारखावी तशी मान हलवत होते.

शेवटी मी रडत पिशवी घेऊन खाली गेले. त्यांनी पिशवी हातात घेतली, वर स्लॅबकडे बघितलं आणि मला हळूच विचारलं की मी लई भिऊन राहिलो, हे इंग्रजीत कसं म्हणायचं. मी सांगितलं, आय ॲम अफ्रेड. कोणत्या वाट्यातला, असं त्यांनी विचारलं. रोजच्या, असं मी म्हटलं. तेव्हा ते म्हणाले, म्हणजे बसवंताचा, तुझ्या अप्पाचा, मला शिवता येत न्हाई. मी म्हटलं, माझ्या भरवशावर म्हणा. ऐकेनात. आधी बसवंताला विचारून येतो, तोवर तू इथंच राहा म्हणाले, आणि पिशवी माझ्या हातात देऊन स्टँडकडे गेले.

आता ते पुन्हा येतील की काय, या धास्तीनं माझं अभ्यासात लक्ष नाही. लवकर कळवा.

आपली शिवकन्या


निलंगा
२५ फेब्रुवारी १९९४

चि. शिवकन्या हीस अप्पाचे आशीर्वाद.

अण्णा उतरले ते थेट आपल्या शेडपुढे उभे राहिले. बाहेरूनच म्हणाले की तुझ्या वाट्यातला एक शब्द पाहिजे, संध्याकाळी परत करतो. मी म्हटलं, घ्या. तो शब्द माझ्याकडे कधीचा पडून होता, पण मी एकदाही वापरला नव्हता. अण्णांनी तो सगळ्यांसमोर म्हटला आणि लेकरासारखे रडले. एवढा थोरला माणूस रडताना मी कधी पाहिला नव्हता. मग काकूनं म्हटला. तुझ्या अव्वानं म्हटला, ती तर रोज रडते म्हणे, मला आत्ता कळलं. दगडोबा पाटील न्याय करायला आले होते, तेही म्हणून गेले.

संध्याकाळी अण्णा शब्द परत द्यायला आले. मी घेतला नाही. राहू द्या म्हटलं, दोघांना पुरतो.

ते तुला आणायला येणार नाहीत. मीही येणार नाही. आम्ही दोघे भाऊ तुझ्यासाठी अफ्रेड आहोत, रोज आहोत. तरी तू तिथंच राहा आणि सगळे पेपर देऊनच ये.

तुझा अप्पा