वायफायच्या डब्याखालची जागा

॥ महादेव प्रसन्न ॥

बोरवाडी, ता. कंधार
दि. ७ जुलै २०२५

ती. वर्षाराणीताईस,
धाकट्या संगमेश्वराचा सा. शरणार्थ, वि. वि.

पत्र बघून घाबरू नको, सगळे जिते हायत. ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून मी सरपंचाच्या आवाजात फुकट पेंड वाटपाची दवंडी दिली. अर्धं गाव पोतं घेऊन उभं ऱ्हायलं. म्हणून दादानं माझा मोबाईल कपाटात कोंडलाय. आता पोस्टमन हाच माझा टॉवर.

काम असं हाय. उमावहिनीची अंगणवाडी नरसिंगकाकाच्या खोलीत भरती. शेजारीच काकाचं ऑनलाइन सेंटर. त्यानं सेंटरचा वायफायचा डबा भिंतीच्या ह्या बाजूला, बरोबर पोरं झोपतात त्या कोपऱ्यात ठोकलाय. वहिनीची तनू तिथंच झोपती. वहिनी म्हणली डबा काढा, तर काका म्हणला पुरावा दाखव, न्हाईतर खोली खाली कर. गावात दुसरी खोली कुठं हाय? वहिनी भाकरी थापता थापता रडून राहिली. मला बघवलं न्हाई.

तू लातूरच्या कालेजात बारक्या पोरांच्या अंगावर मोबाईल-वायफायच्या लहरी किती पडतात ते मोजून राहिलीस म्हणं. ती मापायची डबी घेऊन ये, तनूच्या गळ्यात बांध. आन आकडा कमी आला तर मागं एक शून्य वाढीव टाक. शून्याला कुठं वजन असतंय!

अम्मा विचारती ताईचं लगीन कधी. मी सांगितलं, आधी ती समद्या जगाचं माप घेणार हाय. लोभ हाय तेवढा ऱ्हाऊ दे, परवडला तर वाढव.

तुझा
संग्या

लातूर
दि. २८ जुलै २०२५

चि. संग्यास, अ. उ. आ.

शून्य वाढवणार नाही. हे पहिल्याच ओळीत लिहिते, कारण तू दुसरी ओळ वाचशील याची खात्री नाही.

मी येऊन डबी बांधून गेले, तनूनं ती गुणी पोरीसारखी गळ्यात मिरवली. डबी परत आल्यावर आकडे बघितले तर अंगणवाडीतला आकडा सरकारी मर्यादेच्या खूप खाली. पण तनू घरी झोपली की आकडा एकदम उडी मारायचा. मला कळेना. शेवटी वहिनीला फोन लावला, तेव्हा कळलं. अम्मा म्हणाली म्हणे, गळ्यातली वस्तू भुईवर ठेवत नसतात. म्हणून पोरगी झोपली की ती डबी काढून देव्हाऱ्यात लिंगाशेजारी ठेवायची, वर विभूती लावायची. आणि त्याच देव्हाऱ्यात, महादेवाच्या डोक्यावर, वायफायचा डबा कुणी बसवलाय? तूच ना, गेम खेळायला? ते माप तनूचं नव्हतंच बाळा, महादेवाचं होतं. मी ते गाळलं.

नरसिंगकाकांचाही फोन आला होता. डब्यानं काहीच होत नाही असं कालेजच्या कागदावर लिहून द्या म्हणाले. त्यांनाही नाही म्हटलं. अहवालात मोजलं तेवढंच लिहिलंय. आकडा मर्यादेच्या आत आहे. डबा मुलांच्या डोक्यावर आहे. थोडा लांब नेला तर आकडा आणखी पुष्कळ खाली येतो, आणि तो तिथंच असायचं काही कारण नाही. आमचे सर म्हणाले शेवटची ओळ काढ. मी काढली नाही.

तुला शून्य पाहिजे, काकांना प्रमाणपत्र पाहिजे. दोघंही रुसा. अम्माला नमस्कार, तनूला पापा. माया आहेच, ती मोजायला डबी लागत नाही.

तुझी
वर्षाराणी

बोरवाडी
दि. १८ ऑगस्ट २०२५

ती. ताईस, सा. शरणार्थ, वि. वि.

रुसलो व्हतो, पण भूक लागली म्हणून उठलो. पयलं काम, आपल्या देव्हाऱ्यातला डबा काढून ओसरीत नेला. गेमवाले दोस्त शिव्या देऊन राहिले. देऊ दे. आपलंच मडकं फुटकं ठेवून काकाला काय बोलणार?

काकानं तुझा अहवाल हाटेलात मोठ्यानं वाचला. मर्यादेच्या आत इथवरच वाचला, मग घडी घालून खिशात. वर वहिनीला निरोप, पुन्यांदा तोंड उघडलं तर पोळ्याच्या आधी खोली रिकामी पायजे. मग माझंबी डोकं फिरलं. म्हणलं, खोटं बोलायचं न्हाई ना? न बोलताच करू.

काकाचा नातू दयानंद तीन वर्षांचा झाला, सोमवारी अंगणवाडीत यायचा व्हता. आपल्याकडं पोराची वाकळ पयल्या दिवशी आजीच अंथरती. मी आन समद्या आयांनी मिळून बाकीच्या पोरांच्या वाकळा पल्याडच्या भिंतीला दाटीवाटीनं टाकल्या. मोकळी जागा उरली ती फकस्त डब्याखाली.

गुरम्माकाकी आली, एका काखंत नातू, दुसऱ्या काखंत वाकळ. जागा बघितली, मग वर बघितलं. इचारलं हा डबा कुणाचा. मी बोट तेवढं भिंतीपलीकडं केलं.

ताई, मग कळलं! नातू झाला तवा काकीनंच हा डबा घराबाहेर काढला व्हता. काका म्हणला व्हता सेंटरात ठेवतो. काका खिशातला अहवाल काढून पळत आला, यानं कायबी होत न्हाई म्हणू लागला. काकी म्हणली, मग तुमच्या खाटंवर टांगा. काकीनं वाकळ परत काखंत मारली आन सांगितलं, डबा न्हाई निघाला तर नातवाला घेऊन धर्माबादला लेकीकडं चालले, सेंटर आन खाट दोन्ही संभाळा.

वहिनीनं लगेच इचारून घेतलं, पोळ्याला खोली खाली करायची का? काकी म्हणली, माझा नातू झोपतोय तिथून कोण उठवतंय तेच बघते.

तवा काका स्वतः स्टुलावर चढला. तनू आन दयानंद एकाच वाकळंवर बसून टाळ्या वाजवून राहिले. तुझी माया अशीच ताठ ऱ्हाऊ दे, आम्हाला तीच पुरती.

तुझा
संग्या

ता. क. स्टूल मी धरला व्हता. हलवला न्हाई, महादेवाची शपथ.