लाल-निळ्या पाटीची निरवानिरव

मी, खाली सही करणारा, काचेच्या नळ्या वाकवून, त्यांत वायू भरून दुकानांच्या पाट्या करणारा कारागीर, वय वर्षे त्र्याहत्तर, हे मृत्युपत्र कुणाच्याही दडपणाविना लिहून ठेवतो. माझी बुद्धी ठिकाणावर आहे असे डॉक्टरांनी लिहून दिले आहे. पत्नीचे मत वेगळे आहे, पण ते कायद्याने विचारावे लागत नाही.

१. राहते घर आणि बँकेतली शिल्लक पत्नीला. स्वयंपाकघरातला पिवळा बल्बही तिचाच. त्यातली तार तापून लाल होते तेव्हा कुठे उजेड पडतो, आणि बहुतेक वीज नुसती तापण्यातच जाते. यावर मी बोललो की ती म्हणते, "तुमचंही तसंच आहे, तरी ठेवलंय ना तुम्हाला?"

२. दुकानाचा गाळा मुलाला. तो एलईडी दिवे विकतो. त्याच्या पांढऱ्या दिव्यात मुळात निळा उजेड असतो; त्यावर पिवळी पावडर चढवली की दोन्ही मिसळून डोळ्याला पांढरे वाटते. डोळ्यांना गंडवून पोट भरण्याला माझी हरकत नाही. मात्र दर साफसफाईला "बाबा, या नळ्या भंगारात घालू का?" हे विचारणे त्याने थांबवावे.

३. या नळ्या म्हणजे आमच्या दुकानाची पाटी. लाल नळीत निऑन. त्यातून वीज सोडली की तो वायू स्वतःच लाल उजळतो, रंग लावावा लागत नाही. निळीत आर्गॉन आणि पाऱ्याचा थेंब. काच आणि वायू माझे काम, वायरिंग धाकट्या भावाचे. एका संध्याकाळी मी सहज म्हणालो, "उजेड वायूचा." तो म्हणाला, "दादा, वीज बंद करतो, मग दाखव तुझा वायू!" त्यावरून जे पेटले ते वाटणीवरच विझले. मी नळ्या घेतल्या, त्याने त्या पेटवणारा ट्रान्सफॉर्मर नेला. मुख्य वस्तू आपल्यालाच मिळाली म्हणून दोघेही खूश. पाटी तेव्हापासून अंधारात आहे.

सदर नळ्या मी धाकट्याला देतो. मला ती पाटी डोळे मिटण्याआधी एकदा पेटलेली बघायची आहे, आणि हे त्याच्या तोंडावर सांगणे मला जमत नाही.

४. धाकट्याला साक्षीलाही बोलवावे. वकील म्हणाले, "काका, ज्याला काही मिळतं त्याची साक्ष चालत नाही. सही केली तर नळ्यांवरचा हक्क जाईल." मी म्हटले, मग तर तो नक्की येईल. माझ्याकडून फुकट काही घ्यायचे नाही हा त्याचा बाणा आहे. ते नाकारायची संधी तो सोडणार नाही. मात्र नळ्या शाबूत आहेत की नाहीत हे तपासल्याशिवाय त्याने सही करू नये. नाहीतर दादाने फुटकी काच गळ्यात मारायला बघितली, असे गावभर सांगेल. तपासायला ट्रान्सफॉर्मर लागतो. तो त्याच्याकडे आहे.

५. त्याने नाकारल्यास नळ्या दुकानाच्या भिंतीवरच राहाव्यात. मुलाने हात लावू नये.

वरील मजकूर वाचून, समजून घेऊन सही करत आहे.
(सही) लिहून ठेवणारा

साक्षीदार पहिला: वकील. (सही)

साक्षीदार दुसरा: धाकटा भाऊ. (सही)
कलम तीन मान्य नाही. रंग वायूचा असेल, उजेड विजेचाच. नळ्या तपासल्या, दोन्ही चालू आहेत. निळी थंडीत उजळायला वेळ घेते, म्हणून दादाशेजारी बसून राहावे लागले. त्याने दोनदा चहा मागवला. नळ्या नकोत. ट्रान्सफॉर्मर पाटीलाच जोडून ठेवला आहे, तो कुणी काढू नये.

ठिकाण: दुकान, पाटीखाली.
दिनांक: १२ डिसेंबर, संध्याकाळ. सह्या पाटीच्याच उजेडात केल्या.