खोटं लागलं म्हणून

बडोदे,
ता. ५ ऑगस्ट २०२४

ती. शालिनीआत्यास,
सप्रेम सलाम, वि. वि.

व्हॉट्सअ‍ॅपवर तुला काहीही विचारलं तरी नुसतं ‘आमेन’ येतं, म्हणून हे पत्र. तू शिकवलंस तसा समास सोडला आहे.

आपल्या चर्चच्या मंडळीला पंचाहत्तर वर्षं होताहेत. पाळकसाहेबांनी स्मरणिकेसाठी मला बापूंवर एक पान लिहायला सांगितलंय: सत्यासाठी गोरव्याच्या कारखान्यातली नोकरी सोडणारे माझे आजोबा. लिहायला बसले आणि पहिल्याच वाक्याला अडले. बापूंनी सही नाकारली ती नेमक्या कोणत्या कागदावर? बाबा म्हणतात, व्हॉल्व्हच्या चाचणीच्या खोट्या दाखल्यावर. मंडळीतले फत्तेसिंहराव तर सांगतात की बापूंनी तो कागद मालकाच्या तोंडावर फाडला. स्नेहलताआजी सांगायची त्यात मात्र कागद नसायचाच. बापूंना खोटं खपलं नाही, एवढंच असायचं. खुद्द बापूंना विचारलं, तर ते चष्मा पुसत बसले.

तू तेव्हा आठ वर्षांची होतीस. तुला काय आठवतं? आणि इतकं खोदून विचारते म्हणून खोटं लावून घेऊ नकोस.

लोभ आहेच, माझ्या शुद्धलेखनामुळे तो कमी करू नये.

तुझी
उत्कर्षा


नगर,
ता. १२ ऑगस्ट २०२४

चि. उत्कर्षास अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. समास सोडलास तसे ऱ्हस्व-दीर्घही सोडून दिलेस. ते ‘खोटं लावून घेऊ नकोस’ तीनदा वाचलं. मी खोटं कशाला लावून घेईन? इकडे फार तर खोटे दागिने घालतात. मग आठवलं, बडोद्यात राग येण्याला, मनाला लागण्याला तसं म्हणतात. पंचवीस वर्षं नगरला राहून माझं गुजराती पार धुऊन निघालं आहे.

मला तो दिवस आठवतो. आईला आणि आम्हाला नगरहून बडोद्याला येऊन चारच महिने झाले होते. आईला भाजीवाल्याशीही बोलता येत नव्हतं. बापूंच्या कारखान्यातले नंदूभाई सायकलवरून आले आणि बापूंनी नोकरी सोडल्याचं त्यांनी दारातूनच आईला सांगितलं. बापू घरी आले ते दिवेलागणीला, आणि जेवले नाहीत. रविवारी उपासनेत आईने उभं राहून साक्ष दिली की माझ्या नवऱ्याने खोट्यापायी नोकरी सोडली. सगळी मंडळी उभी राहिली होती. त्या वेळच्या पाळकसाहेबांनी याच गोष्टीवर शब्द टाकून त्यांना जवळच्या पादरा गावी नोकरी मिळवून दिली.

कागद मी काही पाहिलेला नाही. मला त्याची कधी गरजच वाटली नाही. तुला ठाऊकच आहे, आठ वर्षांपूर्वी आमच्या शाळेत हजेरीच्या तक्त्यात पटावर नसलेल्या मुलांची नावं घातली होती. त्या तक्त्यावर मी सही केली नाही आणि माझं मुख्याध्यापकपद गेलं. त्या दिवशी सही करायला पेन दोनदा उचललं होतं. बापूंनी केलं तर मी का नाही, एवढ्यावर हात थांबला.

नंदूभाई असतील तर त्यांनाच विचार. पान नीट लिही. बापूंना सलाम सांग, आणि म्हाताऱ्या आत्याला विसरू नकोस. म्हातारी हा शब्द मी वापरला तर चालतो, तू वापरायचा नाही.

तुझी
शालिनीआत्या


बडोदे,
ता. २० ऑगस्ट २०२४

ती. आत्यास सप्रेम सलाम, वि. वि.

नंदूभाई आहेत. ऐंशीच्या घरात आलेत, पण गोरव्यात अजून सायकल चालवतात. मला चहा-फाफडा दिला आणि कागदाचं विचारल्यावर खूप हसले. कसला कागद, म्हणाले. फोरमनची जागा बापूंऐवजी त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या एकाला मिळाली. बापूंना खोटुं लाग्युं आणि ते निघून गेले. मी वाद घालत राहिले, की खोटं होतं ना, म्हणूनच तर गेले. त्यावर ते मला लहान मुलीला समजवावं तसं सांगू लागले की बेन, खोटुं काही नव्हतं, खोटुं लागलं.

त्या दिवशी दारात आजीलाही त्यांनी हेच सांगितलं होतं, एमने खोटुं लाग्युं एटले नोकरी छोडी दीधी. आत्या, ते सांगत होते की बापू रुसले. आजीने ऐकलं की बापूंना खोटं खपलं नाही.

आधी मला हसू आलं. मग तुझा तो तक्ता आठवला आणि हसू गेलं.

दहा सप्टेंबरला स्मरणिका छापायला जाणार. ‘बापूंनी ती नोकरी सोडली’ एवढंच लिहून गप्प बसता येईल. त्यात एक शब्दही खोटा नसेल. पण बापूही एकेचाळीस वर्षं असेच गप्प बसले ना? मी त्यांना अजून काही बोललेले नाही. तू सांगशील तसं करीन.

राग माझ्यावर काढलास तरी चालेल, पण पत्र लिहिणं बंद करू नकोस.

तुझी
उत्कर्षा


नगर,
ता. २७ ऑगस्ट २०२४

चि. उत्कर्षास आशीर्वाद.

तुझं पत्र तीन दिवस टेबलावर उघडंच ठेवलं होतं. मला खोटं लागलं, तुमच्या अर्थाने आणि आमच्याही.

पद गेलं त्याचं दुःख नाही. तो तक्ता आज समोर आला तरी मी सही करणार नाही. पण एक गोष्ट मनातून जात नाही. ज्या बळावर हात थांबला, ते आईच्या ऐकण्यातल्या चुकीतून आलेलं होतं. देवाला असला चुकीचा शब्दही चालतो का? चालत असेल तर मग खरं कळल्यावर आपण काय करायचं? हे मला कुणी शिकवलेलं नाही आणि मी रविवारच्या शाळेत वीस वर्षं शिकवते आहे.

पान थांबव. माझी दोन्ही पत्रं बापूंच्या हातात दे. वाचून दाखवू नकोस, त्यांचं त्यांना वाचू दे.

आज लोभाबिभाचं काही सुचत नाही, पण तो आहे.

तुझी
शालिनीआत्या


बडोदे,
ता. २ सप्टेंबर २०२४

चि. शालूस,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

नंदू म्हणतो ते खरं. मी रुसून नोकरी सोडली. तुझी आई साक्षीला उभी राहिली, तेव्हा घरी जाऊन तिची समजूत दुरुस्त करायची असं मी ठरवलं होतं. घरी आलो तर ती माझ्याकडे अशी बघत होती की मला बोलवेना. मग पादरा गावची नोकरी लागली. मग उशीर झाला, असं मी स्वतःला सांगत आलो. पण उशीर-बिशीर काही नाही. तो मान मला आवडला होता.

आठ वर्षांपूर्वी तू फोन करून म्हणालीस की बापू, मी तुमच्यासारखं केलं. मी शाबास म्हणून फोन ठेवला आणि न्हाणीघरात जाऊन रडलो. ती शाबासकी द्यायचा मला अधिकार नव्हता. शालू, तेव्हा तुला सांगायला हवं होतं. मला क्षमा कर.

काल उपासनेनंतर पाळकसाहेबांची परवानगी घेऊन उभा राहिलो. चार-पाच वाक्यांत सगळं सांगितलं. कुणी उभं राहिलं नाही, कुणी आमेन म्हटलं नाही. फत्तेसिंहराव खाली बघत होते. उत्कर्षाने हाताला धरलं होतं. असं उभं कसं राहायचं, हे मला कुठून ठाऊक असणार? मी पूर्वी कधी केलंच नव्हतं. तुझी पत्रं खिशात होती. काल मी शालूसारखं केलं.

लोभ असावा, असं शेवटी लिहायची रीत आहे. मी मात्र विचारतो आहे, आहे ना अजून? पत्रानेच कळव, फोनवर मला हल्ली नीट ऐकू येत नाही.

तुझे
बापू