डोळे न उघडलेला कृष्ण

तंजावूर, मार्गळी महिना, शुक्रवार संध्याकाळ

माझे वडील, अण्णा, चित्रातल्या देवाचे डोळे सर्वांत शेवटी, पूजा करून रंगवायचे. त्यांचा शेवटचा कृष्ण डोळ्यांविनाच राहिला; आधी अण्णाच गेले. आणि पुतण्या रघूने नेमका त्याचाच फोटो आमच्या दुकानाच्या वेबसाइटवर टाकला! आज ब्राउझिंग सेंटरमध्ये त्याने आलेले ईमेल वाचून दाखवले. परदेशातल्या लोकांना अगदी तसाच कृष्ण हवाय.

"काका, डोळे रंगवूच नका. आता हीच आपली ओळख."

ओळख? ते कोरे डोळे?

घरी येऊन मी समई लावली, हात जोडले आणि अण्णांच्याच कुंचल्याने डोळे उघडले. कृष्ण माझ्याकडे बघू लागला. पण तिकडे कॉम्प्युटरच्या पडद्यावर, अण्णांच्या नावाखाली, तो अजून तसाच उभा आहे. तिथवर माझा कुंचला पोचत नाही.