टीव्हीतल्या बाईची नजर

आंबालेमा, ३ मार्च १९९३

ती. एर्मिंदा मावशीला,
देयानिराचा सा. न. वि. वि.

माझं अक्षर बघून हसू नकोस. तिसरीत शाळा सुटली ती सुटलीच. बसवाल्या तिबेरिओच्या हाती पत्र देतेय, ते त्याने वाचलं नसेल अशी आशा.

इथं सगळं ठीक. दुवान दूध पितो, झोपतो, रडतो. सासूबाई बाळंतिणीचे चाळीस दिवस कडक पाळतात. कानात कापूस, डोक्याला फडकं, आणि रोज कोंबडीचं पाणी. पाहुणे येताना कोंबडीच घेऊन येतात. मावशी, मलाच आता पिसं फुटतील.

आता खरं सांगते. कुणाला बोलू नकोस.

जेवणं झाली की आळीतल्या बायका आमच्याकडं मालिका बघायला जमतात. तू पण बघतेस ना, त्यातली ती दोन्या ओक्ताविया? सासऱ्याला जिन्यावरून ढकलून दिलं आणि मयताला रुमाल भिजेपर्यंत रडली. मग खोलीत जाऊन दार लावलं, आणि एका क्षणात तोंड कोरडं, धुतलेल्या ताटासारखं. शेजारची ओफेलिया तिला अशा शिव्या घालते की सासूबाई छातीवर क्रॉसची खूण करतात. माझी नणंद मार्लेनी गेल्या आठवड्यात आलेली, ती म्हणाली की अशी माणसं खरी नसतात, टीव्हीवाले बनवतात. सासूबाई म्हणाल्या, असतात, बाईमाणसात तर जास्त. सगळ्या हसल्या. मी नाही हसले.

कारण ते ताटासारखं तोंड माझं आहे, मावशी. लोक असले की मी बाळाकडं बघून हसते, पापा घेते. सगळे गेले की हसू आपोआप गळून पडतं. त्याच्याकडं बघते आणि आत काहीच हलत नाही. ओफेलिया म्हणते, बाळ बघून जिच्या डोळ्याला पाणी येत नाही ती आईच नव्हे. ती ओक्तावियाला म्हणते. पण मला ऐकू येतं.

ओक्ताविया दिसली की सासूबाई दुवानच्या तोंडावर फडकं टाकतात. काचेतून पण दृष्ट लागते म्हणे. मनगटाला काळा खडा बांधलाय तो वेगळाच. मला आधी हसू यायचं, पेटी ती पेटी, तिला काय दिसणार? आता वाटतं, फडकं माझ्या नजरेवर टाकायला हवं.

मार्लेनीला मूल नाही. जाताना अर्धं हसत म्हणाली, एवढी दमलीस तर मला दे, हिरार्दोतल्या घरी माझा पाळणा रिकामाच आहे. ईस्टरच्या आधीचा झावळ्यांचा रविवार यायच्या आत परत येणार आहे. मी हो म्हणणार आहे. नवऱ्याला, आर्सेसिओला, अजून सांगितलं नाही, तो नदीतली वाळू काढायच्या बोटीवर आहे. बाळ चांगल्या बाईकडं गेलेलं बरं. मला फार भीती वाटते. रागाव, पण लोभ तोडू नकोस.

तुझीच,
देयानिरा

*

इबागे, ११ मार्च १९९३

चि. देयानिराला अनेक आशीर्वाद.

तुझी अक्षरं नेहमीसारखीच, चिखलात पळालेल्या कोंबड्या. पण एकूण एक वाचली. वाचून इस्त्री तशीच ठेवली आणि मालकीणबाई दोन्या बेर्ताच्या पांढऱ्या झग्यावर तपकिरी डाग पडला. तिला सांगितलं की भाचीमुळं झालं. तू इथं आलीस की ती तुला ओरडेल.

पोरी, ती ओक्ताविया मी पण बघते. बाई छान दिसते, रडते पण छान. पण दार लावून आरशाशी हसते ते मला पटत नाही. काळीज नसलेला माणूस मी जवळून पाहिलाय, सहा वर्षं त्याचे सदरे धुतले. तुझा काका एवेलिओ. तो आरशाशी कधी हसला नाही. उलट मालिका लागली की ढसाढसा रडायचा. खरं पाणी, नाक लाल. शेजारणी मला म्हणायच्या, एर्मिंदा, नशीबवान आहेस, काय मऊ मनाचा नवरा! आणि आमचा पोरगा नेल्सन तापानं तळमळत असताना हा माणूस उठला आणि टीव्हीचा आवाज वाढवून परत बसला. डोळे पुसत.

तेव्हापासून मी कुणाचे डोळे बघत नाही. रडणारं पोर उचलायला कोण उठतं तेवढं बघते.

आता तू सांग, दुवान रडला की कोण उठतं? पत्रात तर तूच लिहिलंस की दूध पितो. दूध काय ओफेलिया पाजते?

आणखी एक. तुझी आई असती तर तिनेच सांगितलं असतं. तुझ्या वेळी ती भिंतीकडं तोंड करून पडलेली असायची. मला म्हणाली, एर्मिंदा, हे कुणाचं मूल आणून ठेवलंय? मी तुला तिच्या कुशीत ठेवायची, दमली की काढून घ्यायची. पाऊस संपता संपता एक दिवस माझ्यावरच खेकसली, दे इकडं, नीट धरता येत नाही तुला. तीच बाई पुढं तुला शाळेच्या फाटकापर्यंत सोडायला यायची आणि पोरी तुला चिडवायच्या, आठवतं?

हा बाळंतपणातला आजार आहे, पाप नाही. दवाखान्यातल्या नर्सबाईला घरी बोलाव आणि मला लिहिलंस तसं सगळं सांग. स्वतःचं किंवा बाळाचं काही बरंवाईट करावं असं मनात आलं तर त्या क्षणी सासूला हाक मार, लाजू नकोस. मार्लेनीला मूल द्यायचं की नाही ते बरी झाल्यावर ठरव. तापात कुणी गाय विकतं का?

लोभ तुटायला तो काय सुती धागा आहे?

तुझी मावशी,
एर्मिंदा

*

आंबालेमा, २ एप्रिल १९९३

ती. मावशीला सा. न. वि. वि.

तुझं पत्र उशीखाली ठेवलंय. नर्सबाई येऊन गेली. तिलाही मी सगळं सांगितलं. म्हणाली, खूप जणींना होतं, दर आठवड्याला ये. सासूबाई दारामागून ऐकत होत्या. त्या रात्रीपासून बाळाला झोपवायला स्वतः घेतात, मला म्हणतात, झोप गं, घोरलीस तरी चालेल.

आता कालचं ऐक. मार्लेनी आली. पिशवी भरून कपडे, टोप्या, पिवळं पांघरूण. मला बघून डोळे खाली घातले. तू थांब म्हणाली होतीस, तरी मी ठरवलं, मालिका संपली की सांगायचं, घेऊन जा.

सगळ्या बसलेल्या. सासूबाई भांडं उतरवायला चुलीपाशी गेल्या. तेवढ्यात ओक्ताविया त्या मालिकेतल्या पाळण्याशी आली, वाकली, आणि तोंड वर करून सरळ आमच्याकडं बघितलं. हसली. दुवानवर फडकं नव्हतं.

मावशी, मला काही वाटलं असं मी म्हणणार नाही. वाटायला वेळच नव्हता. मी पाळणा आणि टीव्हीच्या मधे उभी होते, घागरा दोन्ही हातांनी पसरून, कोंबडीचं पाणी जमिनीवर, बाळंतपणाच्या टाक्यांची जागा ओढतेय. ओफेलिया ओरडत होती, बाजूला हो गं, दिसत नाही! मी म्हणाले, नकोच दिसायला. त्या पेटीला काही दिसत नाही हे मला ठाऊक आहे गं. तरी हलले नाही.

मार्लेनी आधी हसली. मग उठून पिशवी आणली, पिवळं पांघरूण दुवानवर घातलं आणि कपडे माझ्याच फळीवर लावायला लागली. मी तिला म्हणाले, बाप्तिस्म्याला धर्माची आई तू हो. ती रडली. मला अजून पण रडू आलं नाही. ओफेलियाला काय म्हणायचं ते म्हणू दे.

अजून रोज भीती वाटते. पण तू विचारलेलंस ना कोण उठतं, त्याचं आणखी सांगायचं होतं, तर

तो रडायला लागला. उठते. लोभ आहेच, ठाऊक आहे.

देयानिरा