ओलं फडकं

ता. ३ सप्टेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या पायाचं प्लास्टर केव्हा निघणार ते आधी कळव, कारण माझा धीर सुटत चालला आहे. फोनवर मला धड ऐकू येत नाही आणि तू ओरडलीस की तुझी सून घाबरते, म्हणून हे पत्र. तुझ्या रेशमाच्या अळ्या जिवंत आहेत. शेवटची कात टाकून बोटाएवढ्या झाल्या आहेत. तुतीचा पाला खाणं आणि घाण करणं, याखेरीज त्यांना तिसरा उद्योग नाही. मी जन्मभर घड्याळं दुरुस्त केली, पण कुठल्याही घड्याळाच्या पोटात एवढा राडा निघाला नाही. काल एक अळी माझ्या बाहीत शिरली. ती निघेपर्यंत मी सदरा, बनियन सगळं उतरवलं आणि मग जेवण गेलं नाही.

तुझ्या शेडची मात्र कळा पालटली आहे. पाल्यावरची धूळ मला बघवत नाही, म्हणून रोज तो बादलीत खळबळून घेतो आणि त्याच पाण्यात फडकं बुडवून ट्रेच्या कडा पुसतो. फक्त मांडणीवरचा सगळ्यात वरचा ट्रे राहतो. तिथे ओला पाला टाकला की पाणी माझ्या टकलावर गळतं, म्हणून त्यात पाला धुण्याआधीच, कोरडाच फेकून मोकळा होतो. पुसायला तर हातच पोचत नाही. तेवढं पोटात घाल.

तुला घेऊन जाताना भाचेबुवांनी मला बजावलं होतं, की अळ्यांची ही खेप वाया गेली तर आईचा हा उद्योग बंद, शेडमध्ये त्यांची गाडी उभी राहणार. त्यांना सांग, कोष होणार. काही अळ्यांनी तर छान बाळसं धरलं आहे. पिवळसर, तुकतुकीत दिसतात आणि ट्रेच्या कडेकडेने फेऱ्या मारतात.

कळावे, लोभ आहे तो पातळ होऊ देऊ नये.

तुझा,
धाकटा

ता. ६ सप्टेंबर

चि. साबणराव यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. ते बाळसं नाही रे. पिवळी, तुकतुकीत होऊन भटकणारी अळी आजारी असते. तो विषाणूचा रोग आहे. अंगातलं सगळं पातळ होतं, कातडी फुटते आणि दुधासारखं पाणी सांडतं. त्याच्या थेंबाथेंबात रोग असतो आणि तो ज्या पानाला लागला ते पान खाणारी अळी गेलीच म्हणून समज. औषध नाही. ओल तर त्याला फार मानवते. आणि तू ट्रेमागून ट्रे एकाच फडक्याने पुसून त्याच बादलीतला पाला खाऊ घालतो आहेस. पाला झटकून दे म्हणाले होते, त्यांना आंघोळ घाल म्हणाले नव्हते.

आता वरचा ट्रे आधी वाचव. तुझ्या फडक्यापासून आणि बादलीपासून तेवढाच सुटला आहे. हात धुऊन, कपडे बदलून तो शेडबाहेर काढ आणि कोरड्या खोलीत ठेव. घरात तशी खोली एकच आहे, तुझी. नाक मुरडू नकोस. बाकीच्या ट्रेमधल्या आजारी अळ्या चिमट्याने वेचून चुन्याच्या पाण्यात टाक आणि खोल पुरून टाक. फडकं जाळ.

माझा मुलगा वाईट नाही. मी पडले तेव्हा माझ्याआधी तोच रडला. पण इथे मला बसल्या जागी चहा मिळतो, हातात टीव्हीचा रिमोट मिळतो आणि कोणाचं काही अडत नाही. असंच बसवून ठेवलं तर मी वर्षभरात खरीखुरी म्हातारी होईन. रागावले आहे, पण तुझ्यावाचून मला दुसरं आहे कोण.

आशीर्वाद आहेतच, ते घासून पुसू नकोस.

तुझी,
ताई

ता. १० सप्टेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

वरचा ट्रे माझ्या खोलीत, खिडकीशेजारच्या टेबलावर आहे. तिथे माझी हत्यारं असायची.

शेडमध्ये काय झालं ते एकदाच लिहितो. खालच्या ट्रेमध्ये अळ्या कडेला उलट्या लोंबकळत होत्या, आतून कोणीतरी ढवळल्यासारख्या. चिमटा लावला की फुटायच्या. पांढरट चिकट पाणी मनगटापर्यंत आलं. वास असा, की नाकाला रुमाल बांधूनही जिभेवर चव यायची. डोळ्याला घड्याळजीचं भिंग लावून पाहिलं, तर पेरांमधली कातडी टरटरून फुगलेली. पुन्हा नाही पाहिलं. दोनदा ओकलो. दोन्ही वेळा शेडबाहेर जाऊन, एवढं तरी शहाणपण शिल्लक होतं. आधी वेचून वेचून टाकत होतो, मग ट्रेच्या ट्रे खड्ड्यात रिकामे करावे लागले. एकही धड उरला नाही.

मला त्या अळ्यांची किळस आलीच, पण त्याहून जास्त त्या बादलीची आली. मीच रोज तिच्यात हात घालून स्वच्छतेचा टेंभा मिरवत होतो. माझी स्वतःची मला एवढी शिसारी कधी आली नव्हती.

राग धर, पण लोभ सोडू नये.

तुझा,
धाकटा

ता. १३ सप्टेंबर

चि. भाऊस,
अ. उ. आ.

साबणराव म्हणवत नाही आज. माझीही एक खेप अशीच गेली होती आणि मी बादलीशिवायच घालवली होती. तेव्हा आता नीट जेव. माझा मुलगा रविवारी तिकडे येणार आहे, गाडीसाठी शेडची मापं घ्यायला. मी त्याला काही बोललेले नाही. ट्रेमध्ये काय आहे ते तूच दाखव, काही नसलं तर तसंही सांग. खोटं सांगू नकोस.

तुझी,
ताई

ता. १८ सप्टेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

भाचेबुवा आले. थेट शेडमध्ये गेले आणि धुऊन, चुना मारून कोरड्या केलेल्या रिकाम्या मांडण्या पाहिल्या. अळ्या कुठे आहेत म्हणून विचारलं. मी सांगितलं, की तुझ्या आईच्या अळ्या माझ्यामुळे मेल्या. ते खिशातून मापाची टेप काढू लागले. मग त्यांना घरात आणलं, साबणाने कोपरापर्यंत हात धुवायला लावले आणि माझी खोली उघडली.

ट्रेमधल्या अळ्यांनी कोष विणले आहेत, ताई. थोड्याच आहेत, पण त्यातली एकही पिवळी पडली नाही. भाचेबुवा बराच वेळ वाकून बघत होते. एका कोषात आतली अळी अजून हलत होती आणि वरचं रेशीम थरथरत होतं. नंतर ते म्हणाले, की गाडी बाहेरच उभी राहील. टेप माझ्या टेबलावर विसरून गेले.

मला अजूनही ओकारी येते. अळी हाताला लागली की अंगावर काटा येतो आणि तो जाईल असं वाटत नाही. तरी पुढच्या खेपेची अंडी सांगून ठेवली आहेत. शेडच्या दाराशी चुना पसरला आहे. तू आलीस की त्यात पाय घासून, हात धुऊन मगच आत यायचं. शेड तुझी असली तरी.

लोभ कोरडा ठेवावा, तसाच तो टिकतो असं कळलं आहे.

तुझा,
साबणराव