माणसं : नग पाच

सोमवार, ३ तारीख

धाकटे, आधी सगळ्यांची खुशाली कळव. दाजींचा गुडघा काय म्हणतो? काठी घेऊन हिंडतात की अजून लाजतात? तुझ्या सासूबाईंना नवी कवळी बसली का, की ती वाटीतच आणि ओठ मिटलेले? भाच्याचा नंबर आणखी वाढला नाही ना? चष्म्याच्या दांडीला मी निळा दोरा गुंडाळून दिला होता, तो टिकला का? चिमणीचा खोकला गेला का? लाल बूट घालूनच झोपते का अजून? आणि तू गं? मी दिलेलं पितळी अंगुस्तान बोटात घालतेस की अजून सुई टोचून घेतेस? तुला फोनवर नीट ऐकू येत नाही, म्हणून रोज या वहीत लिहीन आणि भरली की टपालाने पाठवीन.

तर बातमी अशी, की तुझ्या दादाला नोकरी लागली! चौसष्टाव्या वर्षी! चाळीस वर्षं शिलाई मशीन चालवून पाठीचं धनुष्य झालं, आता खुर्चीवर बसून काम. बसगाड्यांत लोक विसरतात त्या वस्तूंचं हे आगारातलं कोठार आहे. लांबच लांब खोली, छतापर्यंत लोखंडी फळ्या, दाराशी टेबल आणि त्यावर कॉम्प्युटर. वस्तू आली की तक्त्यात एक ओळ लिहायची: प्रकार, वर्णन, नग. संध्याकाळी प्रकारवार बेरीज करायची. तक्त्यात छत्र्या एकशे बारा, तर फळीवरही एकशे बारा. बेरीज जुळल्याशिवाय घरी जायचं नाही.

मंगळवार, ४ तारीख

जुने कारकून आज मला काम सोपवून गेले. अबोल माणूस. एकच गोष्ट तीनदा बजावली, की आधी वस्तू हातात घ्यायची, मगच ओळ लिहायची, उलटं कधीही करायचं नाही. मी विचारलं, उलटं केलं तर काय आभाळ कोसळेल? तर म्हणाले, शिंपीकाका, गिऱ्हाईक समोर नसताना तुम्ही माप लिहून ठेवता का? मी हसलो. ते हसले नाहीत.

सफाईच्या मावशी मात्र बोलक्या. मला म्हणाल्या, काका, इथे माणूस तेवढा विसरून जात नाहीत लोक, बाकी सगळं विसरतात.

दुपारी काम नव्हतं, म्हणून प्रकारवार बेरजेचं सूत्र आपलं आपण शिकलो. काय गंमत आहे सांगू! बटणांच्या डब्याला म्हणावं, फक्त काळी मोज, आणि त्याने मुकाट्याने काळीच मोजावीत. सरावाला आपलंच घर घेतलं, तेवढीच तुमची सोबत. तक्त्याच्या तळाशी सहा ओळी लिहिल्या. चष्मा, भाच्याचा, एक. काठी, दाजींची, एक. कवळी, सासूबाईंची, एक. बूट, चिमणीचा लाल, एक. अंगुस्तान, धाकटीचं, एक. आणि माणसं, धाकटीच्या घरची, पाच. सगळ्या बेरजा बरोबर आल्या! मग माऊसचं उजवं बटण दाबलं, यादी आली, त्यातलं एक काहीतरी दाबलं आणि सहाही ओळी गडप. पुसल्या गेल्या, सुटलो.

गुरुवार, ६ तारीख

आज पाठीचा पार भुगा झाला. बेरीज म्हणते चष्मे एकेचाळीस, फळीवर चाळीस. तीनदा मोजले. डोळ्यांपुढे नुसत्या काचा नाचायला लागल्या. शेवटी मावशींनी मागच्या फळीवरून एक आणून दिला. म्हणाल्या, हा घ्या, आणि घरी जा एकदाचे.

दांडीला निळा दोरा होता. माझीच गाठ.

शुक्रवार, ७ तारीख

भाच्याला फोन केला. तो हसायलाच लागला. म्हणाला, मामा, बसमध्ये डुलकी लागली आणि चष्मा गेला, पण तो तुमच्याकडेच पोचावा म्हणजे कमाल झाली, ठेवा जपून. मलाही बरं वाटलं. योगायोग असतात गं.

संध्याकाळी काठ्यांची बेरीजही एकने जास्त आली, आणि ती एक मागच्या फळीवर सापडली. मुठीखाली मी टेप लावून केलेली खूण आहे. दाजी तर कुठे बसने जातही नाहीत.

सोमवार, १० तारीख

कवळी. काचेच्या वाटीत. अजून ओली.

आज सुतार आला होता. शेवटची लांब फळी रिकामी करून तिचं माप घेत होता. मी विचारलं, कशासाठी? म्हणाला, नवीन प्रकार येणार आहे, वरून चिठ्ठी आहे, पाच नग. कोणता प्रकार ते त्याला ठाऊक नव्हतं. फळी सहा फूट खोल हवी म्हणाला.

मंगळवार, ११ तारीख

लाल बूट आला. एकच. आत पायाची ऊब होती.

मग तक्ता नीट बघितला. कडेचे आकडे चारशे बारावरून एकदम चारशे एकोणीसवर जातात. मधल्या सहा ओळी पुसल्याच नव्हत्या, मी त्या नुसत्या लपवल्या होत्या. दिसत नव्हत्या, पण बेरजेत होत्याच. आणि त्याच क्रमाने—

आज त्या खरोखर पुसल्या. एकेक करून, सहाही. बेरीज तेवढीच राहिली. चष्मे एकेचाळीस. माणसं पाच.

बुधवार, १२ तारीख

अंगुस्तान. आतल्या बाजूला तुझ्या बोटाचा ठसा.

जुन्या कारकुनांच्या घरी गेलो. दार अर्धंच उघडलं. आत चपलांचे चार जोड, ओळीने, धूळ खात पडलेले. घरात आवाज नाही. मला बघताच समजले. म्हणाले, मीही सरावच केला होता, काका. मी विचारलं, उपाय काय? म्हणाले, त्यांना तिकडेच ठेवा, बसमध्ये पाय टाकू देऊ नका. आणि दार लावून घेतलं.

भाच्याला तीन फोन केले. उचलत नाही.

शुक्रवार, १४ तारीख, सकाळ

भाच्याचाच फोन आला. मागे गाडीची घरघर. खुशीत होता. म्हणाला, मामा, गंमत सांगू, सगळेच निघालोय! चष्मा तुमच्याकडे, मग बाबांची काठी, आजीचे दात, चिमणीचा बूटही तुमच्याकडेच असणार, घ्यायला येतोय, आईला कधीची तुमची भेट हवी होती. मी ओरडलो, उतरा, मिळेल तिथे उतरा. तो म्हणाला, आवाज तुटतोय मामा. तुझा आवाज ऐकू आला गं मागून, दादाला विचार जेवला का म्हणून. मग फोन बंद.

मीच सांगितलं होतं त्याला, चष्मा इथे आहे म्हणून.

दुपार

एकच गोष्ट सुचली. नवी ओळ लिहिली— माणसं, शिंपी, एक. म्हटलं, पाचांच्या जागी मला घे. मी म्हातारा, थकलेला, मला पडूनच राहायचंय कुठेतरी.

बेरीज बघितली.

माणसं सहा.

संध्याकाळ

गाडी आली. ड्रायव्हर म्हणतो, एक कुटुंब बसलं होतं, पाच तिकिटं फाडली, लहान पोर एका पायात बूट घालून होतं— उतरताना कुणी दिसलं नाही. गाडीत बघितलं. रिकामी.

मावशी टेबलापाशी आल्या. शांतपणे म्हणाल्या, काका, चला, बेरीज जुळवून टाका, मला झाडायचंय.

मी मागे जाणार नाही. लांब फळीकडे बघणार नाही. तिथे कुणीतरी खोकतंय. बारीक आवाजात—

मावशी मोजताहेत. एक. दोन. तीन—

धाकटे, लवकर लिही. फार नको, दोनच ओळी. दाजी, सासूबाई, भाचा, चिमणी, तू— गाडी चुकली, निघालोच नाही, सगळे घरीच आहोत, एवढं लिही. लगेच लिही गं, मी वाट—

चार. पाच. आता मावशी माझ्याकडे वळून